पारोसा कागद

सर, तुम्ही मेलात त्याला आठ वर्षं झाली आणि मला अजून तुम्हाला अरे-तुरे करता येत नाही. दुपारी दुकान दोन तास बंद असतं, तेवढ्यात हे लिहून टाकायचं म्हणून बसलो तेव्हा ठरवलं होतं की सुरुवातच "ए म्हाताऱ्या" अशी करायची. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी हात आपोआप "सर" लिहून मोकळा झाला. मला तुमच्याबद्दल आदर बिदर काही नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या तेराव्याचा निरोप आला होता, मी आलो नव्हतो. त्या दिवशी मी मुलुंड स्टेशनबाहेर उभा राहून दोन मिसळी खाल्ल्या, मुद्दाम.

तुमच्या क्लासात वही आणायला बंदी. मुलुंड पूर्वेला तुमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरची ती बाहेरची खोली, सहा बाकं, एक फळा आणि आम्ही अकरावी-बारावीची पोरं, जीवशास्त्र शिकायला आलेली. तासाला कोणी एक अक्षर लिहायचं नाही. ऐका, बघा, विचारा, घरी जा, झोपा. आणि सकाळी डोळे उघडले की चहा नाही, मोबाईल नाही, तोंडसुद्धा धुवायचं नाही, आधी एक कोरा कागद घ्यायचा आणि कालच्या तासातलं जे जे आठवेल ते क्रमाने उतरवायचं. मधे कोणी शिंकलं असेल तर तेही. "तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते मला नकोय," तुम्ही म्हणायचात, "मेंदूने रात्रभरात काय ठेवून घेतलं ते बघायचंय मला." कॉलेजला जाता जाता तो कागद तुमच्या ग्रिलला टांगलेल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. तुम्ही त्याला नाव ठेवलं होतं, पारोसा कागद. काकू आतून ओरडायच्या, "विद्येला पारोशाने शिवू नये हो! काय शिकवताय पोरांना!" तुम्ही लाल पेनने एकेका बरोबर ओळीसमोर खूण करायचात, वर आकडा टाकायचात, तो आकडा वर्गात वाचून दाखवायचात आणि कागद ठेवून घ्यायचात. कोणाला कधीच परत दिला नाहीत. आणि डोकं यानेच फिरतं की ते चालायचं. त्या दोन वर्षांत तुम्ही शिकवलेलं मला आजही जसंच्या तसं येतं. मला नकोय ते. पण येतं.

लक्ष लागलं की मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, ते म्हणजे दिवे लावणारा माणूस. मग ग्लुटामेट. एका पेशीने ग्लुटामेट सोडलं म्हणून दुसरी लगेच दार उघडत नाही, दाराला मॅग्नेशियमचं बूच असतं. तुम्ही फळ्यावर तुमच्याच सोसायटीचं गेट काढलं होतंत. वॉचमनने इंटरकॉम केला आणि त्याच वेळी घरातला माणूसही जागा असला, त्याने "सोड वर" म्हटलं, तरच पाहुणा वर येतो. एकट्या वॉचमनचं चालत नाही, एकट्या घरच्याचं चालत नाही. दोघांचं एका वेळी जमलं की बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि आत धावपळ सुरू होते. ही झाली तात्पुरती आठवण, गणपतीच्या मंडपासारखी, चार दिवसांनी बांबू सोडून न्यायचे. ती टिकायची असेल तर पेशीला निरोप जायला हवा, नवीन प्रोटीन तयार व्हायला हवं, ते त्या जोडावर जाऊन बसायला हवं. "प्रोटीन म्हणजे सिमेंट," तुम्ही म्हणायचात, "मंडपाचं पक्कं बांधकाम. मग महापालिका आली तरी हलत नाही." आम्ही हसायचो. मीही हसायचो. मला वाटायचं हा माणूस भारी आहे. माझं वय सतरा होतं, सर, त्या वयात कोणीही भारी वाटतं.

एक रविवार आठवतो. तुम्ही मला एकट्याला बोलावलं होतंत. खाटकाकडून बकऱ्याचा भेजा आणला होतात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि तुमच्या शुद्ध शाकाहारी स्वयंपाकघरात काकूंच्या स्टीलच्या ताटात तो ठेवून आपण दोघं उभे. काकू बाहेर गॅलरीत, नाकाला पदर. "ते ताट आता फेकून द्यायचं, सांगून ठेवते. आणि ती विळीसुद्धा." तुम्ही त्यांच्याकडे लक्षच देत नाही. माझ्या हातात दाढीचं नवं पातं देता आणि म्हणता, "काप. घाबरू नको, याला आता काही दुखत नाही." खूप आत, वळलेला, गांडुळाएवढा एक पट्टा निघाला. हिप्पोकॅम्पस. तुम्ही तो माझ्या तळहातावर ठेवलात. "बघ, या बकऱ्याला आपलं गाव आठवत असेल तर ते यातून." मी अर्धा तास तो हातावर घेऊन उभा होतो. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं की मी ब्रेनवर रिसर्च करणार. हे लिहायला नको होतं. लिहिलं गेलं, राहू दे.

आता तो दिवस. बारावीचा, नियंत्रण आणि समन्वयाचा धडा. तुम्ही भीती आणि आठवण यांचा संबंध शिकवत होतात. वर्गातली ती मुलगी, तिचं गाइड मी दोन दिवसांसाठी मागून नेलं होतं आणि त्या दिवशी परत दिलं होतं. आत चिठ्ठी ठेवून. ती खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर बसायची. तिने गाइड उघडलंही नव्हतं. तुम्हाला आकृती दाखवायची होती, तुम्ही समोरचं पहिलं गाइड उचललंत, ते तिचं निघालं, आणि चिठ्ठी खाली पडली. तुम्ही ती उचललीत. खिशात घालू शकला असतात. नंतर मला बाजूला घेऊन दोन कानाखाली मारू शकला असतात, मी खाल्ल्या असत्या. तुम्ही चष्मा वर केलात आणि वाचायला लागलात. तिने आधी वाचली नव्हती, सर. माझं सगळं तिने पहिल्यांदा ऐकलं ते तुमच्या आवाजात.

"तुझ्या डाव्या कानामागे पेनाची शाई लागलेली असते. ती शाई बघितल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही." इथे तुम्ही थांबलात. "वा. ही निरीक्षणशक्ती जर्नलमध्ये कुठे जाते?" वर्गात हशा फुटला. खाली माझं नाव नव्हतं, पण तुम्ही रोज सकाळी माझं अक्षर वाचत होतात. "अक्षर ओळखीचं आहे. उभा राहा." मी उभा राहिलो. मग तुम्ही वर्गाकडे वळलात, हातात खडू. "आत्ता याच्या अंगात काय चाललंय?" पोरं एका सुरात, "अ‍ॅड्रेनलिन!" "कुठून आलं?" "मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून!" "आणि मेंदूत?" "नॉरअ‍ॅड्रेनलिन!" "त्याने काय होतं?" "आठवण पक्की होते!" "म्हणजे आजचा दिवस हा कधी…" आणि सगळे मिळून, टाळी वाजवावी तसे, "विसरणार नाही!" तुम्ही खुशीत आलात. "उद्याच्या पारोशा कागदात बघा, हा तास सगळ्यांना पूर्ण आठवलेला असेल. यालाच नाही, तुम्हालाही." मग मला विचारलंत, "मनापासून लिहिलंयस का रे?" मी गप्प. खाली मान. आणि ती हसते. उजवा तळहात तोंडावर, खांदे हलतायत, डोळे बारीक. हे मला असं दिसतं की आत्ता काउंटरच्या पलीकडे बसलीय. नऊ वर्षं मी ते हसू बघतोय. गोळ्या मोजताना, आंघोळ करताना, दुसऱ्या कोणा मुलीशी बोलायला तोंड उघडलं की पहिलं तेच.

म्हणजे तुम्ही मला माणूस म्हणून उभं केलंच नव्हतंत. मी तुमच्या प्रयोगातलं रसायन होतो. बावीस पोरांना धडा पाठ व्हावा म्हणून माझी लाज वापरलीत, आणि प्रयोग यशस्वी. साला तुमचा प्रत्येक प्रयोग यशस्वी.

पुढे कॉलेजलाही ती आणि मी एकाच वर्गात, बीएस्सीला. पहिल्या वर्षी ती कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी आली. "ऐक ना, बोलायचंय." मी म्हणालो, "तेव्हा हसलीस ना पोट धरून? आता कशाला आलीस?" तिने माझ्याकडे बघितलं. "मी?" एवढंच म्हणाली आणि गेली. मला वाटलं, काय नाटक करते. त्याच वर्षी तुम्ही गेलात, झोपेतच. दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला मी टेबलासमोर उभा, रांगेत माझ्यामागे ती. बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, कायमची आठवण कशी तयार होते. मी सुरू झालो. अ‍ॅसिटिलकोलीन, ग्लुटामेट, बूच, कॅल्शियम, प्रोटीन, भीतीने ते कसं घट्ट होतं. बोलता बोलता लक्षात आलं की मी टेबलावर बोट आपटतोय, तुम्ही खडू आपटायचात तसं. आवाजसुद्धा तुमचा. बाई खूश. "सुंदर! कोणी शिकवलं तुला?" मी म्हणालो, "मेला तो," जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. परत त्या कॉलेजात पाय ठेवला नाही. आई महिनाभर रडली. बाबा म्हणाले, "तुझ्या डोक्यात नुसता राग भरलाय, दुसरं काही राहायला जागाच नाही." तेव्हापासून घाटकोपरला या मेडिकलमध्ये आहे. परीक्षांचे दिवस आले की आया येतात, पोराच्या स्मरणशक्तीसाठी सिरप द्या. मी देतो. एकदा शेठला विचारलं, विसरायची गोळी येते का हो? शेठ म्हणाला, "अरे, भूलने की गोली होती तो पहिले मैं खाता. घर में शादी का अल्बम पडा है." मी पण हसलो. पण मी खरंच विचारत होतो.

तीन आठवड्यांपूर्वी काकूंचा फोन आला. तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, खोली रिकामी करायचीय, माळ्यावर तुमच्या कागदांचे गठ्ठे आहेत, ज्याचे त्याने न्यावेत, नाहीतर रद्दीत जातील. मी गेलो. काकूंनाच दोन शब्द सुनावायचे असं ठरवून गेलो होतो, खोटं कशाला बोलू. दार उघडून त्या म्हणाल्या, "तूच ना तो, दार आपटून जाणारा?" मी म्हणालो, हो. बारावीचे शेवटचे काही महिने रोज तसाच जायचो. "ये. आपटायचं तर आपट, पुढच्या महिन्यात पाडणारच आहेत." चहा दिला. मी त्यांना तो सगळा दिवस सांगितला आणि विचारलं, सर घरात कधी काही बोलले होते का त्याबद्दल? काही वाटलं होतं का त्यांना? काकू कागद बांधायचं थांबवून विचार करत राहिल्या. "नाही रे बाबा. त्यांना तुमची नावंसुद्धा आठवायची नाहीत. अक्षरं तेवढी ओळखायचे." माझा गठ्ठा निघाला. सुतळीने बांधलेला, तारखेवार.

तो कागद मला तिथेच सापडला, तुमच्या रिकाम्या खोलीत, जमिनीवर बसून. त्या तासाच्या दुसऱ्या सकाळचा. माझंच अक्षर. सगळं क्रमाने. ग्रंथी, नॉरअ‍ॅड्रेनलिन, सरांनी चिठ्ठी उचलली, शाईची ओळ वाचली, मला उभं केलं. आणि पुढे, सर, जशीच्या तशी नकलून देतो. "सरांनी विचारलं मनापासून का. मी म्हणालो, नाही सर, टाइमपास. ही पुढे बसते म्हणून हिला. सगळे हसले. मीपण मोठ्याने हसलो. ती हसली नाही. ती बाकावरचा खडूचा डाग बोटाने पुसत होती. डाग गेला तरी पुसत होती."

त्या प्रत्येक ओळीसमोर तुमची लाल खूण. "ती हसली नाही" यासमोरही. बरोबर. म्हणजे तुम्ही बघितलं होतंत. मी काय म्हणालो ते तुम्ही ऐकलं होतंत, तिचं बोट तुम्ही बघितलं होतंत, मला त्याचा एक गुण दिलात आणि पुढचा कागद घेतलात. एकतीस ओळी, एकतीसपैकी एकतीस. दुसऱ्या दिवशी तुम्ही हा आकडा वाचला असणार आणि मी मान ताठ करून बसलो असणार.

आणि तुम्ही अर्धंच शिकवलंत, हा माझा सगळ्यात मोठा राग आहे. बांधकाम पक्कं असतं म्हणालात. नसतं. मी आता काउंटरवर बसून फोनवर वाचतो, कळेल तेवढं. आठवण काढली की ती थोडा वेळ परत ओली होते, पुन्हा नवीन प्रोटीन लागतं, पुन्हा बसवावी लागते, आणि तेवढ्या वेळात तिच्यात दुसरं काहीही मिसळू शकतं. रागाने काढली तर राग मिसळतो. लाज वाटत असेल तर मेंदू लाजेची जागा बदलून टाकतो. मी हसलो होतो. ते मला सोसलं नसणार, म्हणून मी ते हसू माझ्या तोंडावरून उचललं आणि तिच्या तोंडावर ठेवलं, आणि मग रोज काढून, रोज संतापून, रोज नॉरअ‍ॅड्रेनलिन ओतून ते तिथेच पक्कं केलं. हे तुम्हाला माहीत नव्हतं? की माहीत होतं आणि अभ्यासक्रमात नाही म्हणून सांगितलं नाहीत?

आज सकाळी तिला फोन केला. जुन्या ग्रुपवर नंबर होता. ती बोरिवलीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. मी नाव सांगितलं.

"अरे. मला वाटलं मेलास."

"नाही. मेडिकलमध्ये आहे."

"बरं. काय हवंय?"

"सॉरी म्हणायचं होतं. सरांनी चिठ्ठी वाचली त्या दिवसाचं."

"वाचली सरांनी. तू कशाला सॉरी?"

"मी जे म्हणालो त्याचं."

"काय म्हणालास?" ती मला सोडत नव्हती. मी म्हणालो, टाइमपास. पलीकडे कोणाला तरी "मूठ घट्ट करा, काका" म्हणाली. मग फोनवर परत आली. "नऊ वर्षं लागली तुला. आणि कॉलेजात मलाच म्हणालास की मी हसले. घरी जाऊन आरशात बघितलं होतं यार मी, की माझा चेहराच हसल्यासारखा दिसतो का. तो सगळा धडा अजून पाठ आहे मला. झोपेतून उठवून विचार. विसरायचा प्रयत्न केला ना, तरी ग्लुटामेटपासून सुरू होतो."   मग तिने विचारलं, "एक सांग. तुला हे खरंच आठवतंय, की कोणी सांगितलं म्हणून फोन केलास? कोणाच्या सांगण्यावरून माफी मागत असशील तर ठेव फोन. मला तसली नकोय."

"आठवतंय."

"नक्की?"

"शब्द न् शब्द."

"मग ये उद्या. रविवार आहे, साडेबाराला सुटते. लॅबच्या खाली चहावाला आहे."

मी खोटं बोललो, सर. कागद वाचून वाचून त्याच्या घड्या फाटायला आल्यात, तरी माझ्या आवाजात तो शब्द मला ऐकू येत नाही. माझं हसू येत नाही. खडूचा डाग दिसत नाही, तिचं बोट दिसत नाही. मी तिची माफी मागितली ती उत्तरपत्रिका बघून मागावी तशी. डोळे मिटले की तुम्ही वाचताय, मी गप्प उभा आहे, आणि ती हसतेय, तळहात तोंडावर. पाच मिनिटांपूर्वीही हसली. हे मला उद्या तिला सांगावं लागेल, आणि सांगितलं की ती चहा अर्धा टाकून उठेल. नाही सांगितलं तर बसेल. मी अजून ठरवलेलं नाही. हे कागद काकूंकडे नेऊन देण्यात अर्थ नाही आणि तुमच्याकडे पाठवायची सोय नाही, पण ज्याला ती हसली नव्हती हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून माहीत होतं असा माझ्याकडे तुमच्याशिवाय दुसरा माणूस नाही, म्हणून लिहिलं. मला उद्याची भीती वाटतेय. ती समोर बसली आणि खरंच कशावर तरी हसली, तर तेव्हा मला काय दिसेल, मला माहीत नाही.